खाऱ्या पाण्याच्या टँकमधली नको ती वाढ: आधी ओळखा, मग हात घाला

टँकमध्ये काहीतरी तपकिरी, हिरवं किंवा लालसर पसरताना दिसलं की बहुतेक जण त्याच संध्याकाळी तीन गोष्टी उरकतात. पाणी बदलतात, फॉस्फेट शोषणारे दाणे टाकतात आणि दिव्यांची वेळ निम्म्यावर आणतात. हिरव्या केसाळ शेवाळावर यातलं थोडंफार लागू पडतं. पण ते तपकिरी पसरणारं डायनोफ्लॅजेलेट असेल, तर ही आगीवर तेल ओतायची कृती ठरते, कारण पाण्यातला नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं अन्न, शून्यावर गेला की त्याला मोकळं रान मिळतं. रोग एक आणि औषध दुसऱ्याचंच, अशी गत.

म्हणून खालचा क्रम पाळा. ओळख, पाण्याची तपासणी, हाताने सफाई, खुराकावर लगाम, चरणारे प्राणी आणि सगळ्यात शेवटी औषध. मधला टप्पा गाळून थेट औषधावर उडी मारलीत की महिन्याभराने पुन्हा इथेच याल.

## तयारी

हे सामान हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका:

- नायट्रेट आणि फॉस्फेटचे टेस्ट किट. फॉस्फेटचं किट 0.1 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) खालचं वाचणारं हवं, रंगाच्या पट्टीवर डोळे बारीक करून अंदाज बांधायला लावणारं नको.
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारं).
- कोपरापर्यंत येणारे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.
- बोटभर जाडीची पारदर्शक नळी, जुना टूथब्रश, लांब चिमटा, दोन बादल्या.
- 10 मायक्रॉनची फिल्टर पिशवी, एक झाकणाची पारदर्शक बाटली, कॉफीचा फिल्टर कागद.
- जमलं तर 400 पट मोठं दाखवणारा साधा, शाळेतला मायक्रोस्कोप. मागायचा तर मागून आणा.
- एक वही. आकडे आणि तारखा डोक्यात ठेवता येतात असं वाटतं, पण तिसऱ्या आठवड्यात काहीच आठवत नाही.

सावधान: झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणांसारख्या प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. असे प्रवाळ चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. वाफेवाटे हे विष श्वासात गेल्याने माणसं दवाखान्यात भरती झालेली आहेत. हाताला चीर असेल तर मोज्यांशिवाय टँकमध्ये हात घालायचा नाही, आणि नळी तोंडाने ओढायची नाही.

## टप्पा 1: ओळख

यासाठी दोन दिवस द्या. या दोन दिवसांत काहीही बदलू नका, फक्त बघा. एकदा दिवे लागायच्या आधी, एकदा भर उजेडात, एकदा दिवे गेल्यावर टॉर्चने. मग मोज्यातल्या बोटांनी चिमूटभर उपटून बघा. रंगावर जाऊ नका. रंगाने जितके लोक फसतात तितके कशानेच फसत नाहीत. स्पर्श, आकार आणि रात्रीची वागणूक, या तिघांवर निवाडा करा.

डायटम. काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ. बोट फिरवलं की रेघ उमटते आणि धूळ उडते. तार नाही, बुडबुडे नाहीत. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतंच, पाण्यातला सिलिकेट संपला की आपोआप जातं. काच पुसा आणि गप्प बसा. जुन्या टँकमध्ये अचानक उगवलं तर आरओ-डीआयच्या, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, रेझिनकडे बघा.

सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. लाल, जांभळट, कधी काळपट हिरवा, बुळबुळीत पापुद्रा. कडेला नळी लावली की दुधावरच्या सायीसारखा अख्खा थर उचलला जातो. खाली वाळू स्वच्छ निघते आणि हाताला कुबट वास येतो. प्रवाह कमी आणि गाळ जास्त, ही याची आवडती जागा.

डायनोफ्लॅजेलेट. खरी गोची इथे आहे. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, आणि तारांच्या टोकाला अडकलेले हवेचे बुडबुडे. सकाळी वाळू जवळजवळ पांढरी, दुपारी पुन्हा माखलेली. गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या तर संशय पक्काच.

बाटलीची चाचणी अशी करा. तारा नळीने ओढून टँकच्याच पाण्यासह बाटलीत घ्या, झाकण लावा आणि पाणी एकजीव गढूळ होईपर्यंत जोरात हलवा. ते कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घ्या. खाली उतरलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते उजेडात तासभर ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या आणि तारा जमल्या, तर डायनो. पेशी सुट्ट्या असताना कागदातून निसटतात आणि पुन्हा एकमेकींना चिकटतात. सायनोचे धागे मात्र बहुतांशी कागदावरच अडकून राहतात.

मायक्रोस्कोप असेल तर शंकाच उरत नाही. ऑस्ट्रिऑप्सिसची पेशी एका बाजूने निमुळती, थेंबासारखी असते आणि खुंटीला बांधलेल्या वासरासारखी एकाच जागी घुटमळत राहते. अँफिडिनियम लंबगोल असतं आणि मोकळं हिंडतं. हा फरक टप्पा 6 मध्ये लागणार आहे, वहीत लिहून ठेवा.

मी स्वतः इथेच आपटलो होतो. वाळू तपकिरी झाली, कुणीतरी डायटम म्हणालं, मी मान डोलावली. आठवड्यातून दोनदा पाणी बदललं, फॉस्फेटचे दाणे दुप्पट केले. नायट्रेट शून्य आल्यावर आनंदच झाला होता. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या ट्रोकस गोगलगायी वाळूवर पडल्या. मग कुठे एका ओळखीच्या मास्तरांकडून मायक्रोस्कोप आणला आणि काचपट्टीवर ती वासरं घुटमळताना पाहिली.

केसाळ हिरवं शेवाळ. मऊ, लांब धागे, प्रवाहाबरोबर डुलणारे. उपटलं की सहज निघतं. पाण्याबाहेर काढलं की ओल्या केसांसारखं एकमेकांना चिकटून लोळागोळा होतं.

ब्रायोप्सिस. लांबून केसाळच वाटतं. एक काडी चिमट्याने तोडून पांढऱ्या वाटीत पाण्यात सोडा. मधे देठ आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ब्रायोप्सिस. याला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत आणि नुसतं उपाशी ठेवून ते दमत नाही, म्हणून ही वाटीतली तपासणी टाळू नका.

व्हॅलोनिया. हिरवे, चकचकीत, टणक मणी. बघताक्षणी ओळखू येतात.

आयप्टेशिया. शेवाळ नाही, समुद्रफुलाचा एक उपद्रवी प्रकार. तपकिरी, अर्धपारदर्शक देठ आणि वर लांब, टोकदार भुजा. सावली पडली तरी क्षणात दगडाच्या भेगेत शिरतं. मजानो त्याचाच भाऊबंद, पण बुटका, आणि भुजांची टोकं गोलसर.

व्हर्मेटिड गोगलगायी. दगडावर घट्ट चिकटलेल्या कडक नळ्या, त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सुटतात. शेजारचे प्रवाळ त्या धाग्यांनी वैतागून मिटून बसतात.

### हे काढू नका

दगडावर आणि काचेवर चढणारा गुलाबी-जांभळा कडक थर म्हणजे कोरलाइन शेवाळ. टँक जमत आल्याची खूण आहे ती. पांढरे-पिवळे स्पंजचे ठिपके, पिसाऱ्यासारखे छोटे नळीकृमी, रात्री काचेवर पळणारे बारीक कोपेपॉड, हे सगळे आपलेच. सायनो समजून कोरलाइन खरवडणारे कमी नाहीत. बोटाने घासून बघा, निघत नसेल तर सोडून द्या.

तपासणी: टँकमध्ये दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात, बहुतेक वेळा असतातच. सगळ्यात जास्त पसरलेली कोणती, तिचं नाव वहीत लिहा. नाव लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: पाणी तपासा, आधी येणारं, मग असलेलं

आधी टॉप-ऑफचं (वाफ होऊन गेलेलं भरून काढायचं) आणि मीठ मिसळायचं पाणी. आरओ-डीआयमधून आलेल्या पाण्याचा टीडीएस 0 हवा. नळ सुरू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांचं पाणी खराब येतं, ते फेकून द्या आणि मग मोजा. एक फसगत ध्यानात असू द्या. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं, आणि ते मीटरवर जवळजवळ दिसतच नाही. 0 वाचूनही डायटम जात नसतील तर रेझिन बदलून बघा.

मग टँकचं पाणी. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) 1.025 ते 1.026, तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) 8-9 डीकेएच. हे आकडे स्थिर असतील तर त्यांना हात लावू नका. खरी नजर ठेवायची ती या दोघांवर:

- नायट्रेट: 2 ते 10 पीपीएम
- फॉस्फेट: 0.03 ते 0.1 पीपीएम

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, किटच्या एककाची. काही मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात एक भाग) दाखवतात. त्या आकड्याला 3.066 ने गुणून 1000 ने भागा, तेव्हा फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतो. म्हणजे मीटरवर 10 दिसलं तर ते साधारण 0.03. काही किट नायट्रेटऐवजी नायट्रेटमधला नायट्रोजन दाखवतात. त्याला 4.43 ने गुणा. मोजमाप बरोबर आणि वाचन चूक, असं होऊन लोकांनी चांगले टँक उपाशी मारलेत.

दुसरी चूक अर्थ लावण्याची. दगडांवर शेवाळाचं रान माजलेलं आणि किट मात्र शून्य दाखवतंय, तर पाण्यात अन्न येतच नाही असं समजू नका. येतंय, पण शेवाळ ते येता येता गट्ट करतंय. उलट शेवाळ नाही, फक्त तपकिरी तारा आहेत आणि दोन्ही आकडे शून्य, तर तिथे खरोखरच दुष्काळ आहे. आकडा तोच, अर्थ उलटा. म्हणून टप्पा 1 आधी.

## टप्पा 3: हाताने सफाई

कंटाळवाणं काम आहे म्हणून सगळे टाळतात, पण जे काही बाहेर काढाल त्यातला नायट्रेट-फॉस्फेट कायमचा बाहेर गेला. तेच टँकमध्ये मेलं तर कुजून पुन्हा पाण्यात.

1. पंप आणि पॉवरहेड (टँकमध्ये प्रवाह फिरवणारे छोटे पंप) बंद करा. वायरी सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशा लोंबत्या आहेत का बघा, नाहीतर पाणी वायरीवरून थेट सॉकेटपर्यंत जातं.
2. नळीच्या तोंडाला टूथब्रश रबरबँडने असा बांधा की ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे थोडेसे येतील. घासाल ते तिथल्या तिथे ओढलं जातं.
3. सुटा करता येईल असा दगड बाहेर काढा. एका बादलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात घासा, दुसऱ्या बादलीत खळबळून धुवा, मगच परत ठेवा. गोड्या पाण्यात धुऊ नका, दगडातले उपयोगी जिवाणू मरतात.
4. एका वेळी एक तृतीयांश दगडच. सगळा टँक एका दिवसात लख्ख केलात तर पुढच्या आठवड्यात त्याचं प्रायश्चित्त भोगाल.
5. साफसफाईत जेवढं पाणी गेलं तोच त्या आठवड्याचा पाणीबदल. साधारण 10 ते 15 टक्के पुरे.

केसाळ शेवाळ मुळापासून फिरवून उपटा, शेवया काट्यावर गुंडाळतात तसं चिमट्यावर गुंडाळून. व्हॅलोनियाचा मणी बुडाशी नख घालून अख्खा काढा आणि नळी शेजारीच धरा. एखादा फुटला तर आभाळ कोसळत नाही, फक्त ते पाणी ओढून घ्या.

सावधान: आयप्टेशिया इथे अजिबात खरवडू नका. देठाचा एवढासा तुकडा दगडावर राहिला तरी त्याचं नवं फूल होतं. एकाचे दहा करायचे असतील तरच ब्रश लावा.

सावधान: डायनो असतील तर पाणी फेकू नका. नळी 10 मायक्रॉनच्या पिशवीत सोडा, गाळलेलं पाणी परत टँकमध्ये. मोजे घाला. ऑस्ट्रिऑप्सिसचं विष पॅलिटॉक्सिनच्याच जातकुळीतलं आहे.

## टप्पा 4: खुराकावर लगाम

डायनो असतील तर हा टप्पा गाळून थेट टप्पा 6 वर जा. तुम्हाला नेमकं उलटं करायचं आहे.

बाकीच्यांनी आधी खाणं बघावं. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढंच. गोठवलेलं खाणं वितळवून गाळणीत धुतलं तर थोडाफार फरक पडतो, पण खरा फरक वाळूत जाऊन पडणाऱ्या दाण्यांनी पडतो. फिल्टर पिशवी दर दोन-तीन दिवसांनी बदला. आठवडाभर तशीच ठेवली तर तीच नायट्रेटची भट्टी होते. दगडांच्या मागे, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथला गाळ पॉवरहेडचं तोंड फिरवून हलवा. सायनोचा निम्मा इलाज इथेच होतो.

दिवे 8 तास. पांढऱ्या आणि लाल रंगाचा उजेड कमी करून निळा ठेवला तर केसाळ शेवाळाचा जोर ओसरतो. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा.

सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जागा असेल तर कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवा. शेवाळाला शेवाळानेच हरवायचं, फक्त आपल्याला हवं त्या कप्प्यात. त्याचे दिवे रात्री लावा, म्हणजे रात्रीचा पीएच फार घसरत नाही. दर दोन आठवड्यांनी मूठभर कापून फेकायला मात्र विसरायचं नाही. कापलं नाही तर काही बाहेर गेलंच नाही.

फॉस्फेट शोषणारे दाणे वापरायचेच असतील तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि दर दोन दिवसांनी मोजा. फॉस्फेट झपाट्याने पडला की प्रवाळांची टोकं पांढरी पडायला लागतात. 0.3 वरून 0.1 वर यायला महिना लागला तरी चालेल.

तपासणी: तीन आठवडे. त्याआधी निष्कर्ष काढू नका. दगडांनी मुरवून ठेवलेला फॉस्फेट हळूहळू पाण्यात सुटत राहतो, म्हणून आकडा उतरतो, पुन्हा चढतो. घाबरून मात्रा वाढवू नका.

## टप्पा 5: चरणारे प्राणी

हे माळी आहेत, जंगल तोडणारे नव्हेत. बोटभर लांब वाढलेल्या रानाला गोगलगायी तोंडही लावत नाहीत. आधी उपटून आखूड करा, मग त्यांना सोडा.

काच आणि दगडासाठी ट्रोकस उत्तम, कारण उलटी पडली तर स्वतःची सरळ होते. अस्ट्रियाला ते जमत नाही, रोज फेरी मारून उचलून ठेवावी लागते. टर्बो खाते भरपूर, पण बुलडोझर आहे, न चिकटवलेले प्रवाळ ढकलून देते. टक्सिडो समुद्री साळींदर केसाळ शेवाळावर फार चांगलं काम करतं, फक्त चालताना पाठीवर तुमचे छोटे प्रवाळ टोपीसारखे घेऊन फिरतं. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा, तोही नवे छोटे मणी खाईल या आशेवर. सगळे खातातच असं नाही.

पिवळा टँग किंवा फॉक्सफेस आणायचा मोह होतो. टँक 4 फुटांपेक्षा आखूड असेल तर आणू नका. शेवाळ महिन्याभरात संपेल, मासा पुढची कित्येक वर्षं राहणार आहे.

यादीत 'इतक्या लिटरला इतक्या गोगलगायी' असं वाचून घाऊक आणू नका. चार-पाच आणा, दोन आठवडे बघा, मग वाढवा. शेवाळ संपल्यावर उपाशी मेलेल्या वीस गोगलगायी म्हणजे पुढच्या शेवाळाचं खत. आणि डायनो असताना गोगलगायी आणू नका, विषाने मरतील.

## टप्पा 6: ज्याचा त्याचा इलाज

एका वेळी एकच. दोन उपाय एकत्र केलेत तर कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं ते कळणार नाही.

सायनो. पापुद्रा ओढा, प्रवाह वाढवा, गाळ काढा, तीन दिवस दिवे बंद. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट जास्त असेल तर नायट्रेट 5 पर्यंत चढवा. कित्येक सायनो हवेतला नायट्रोजन स्वतः वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट संपल्यावर बाकीचे उपाशी मरतात आणि यांचं फावतं. एरिथ्रोमायसिनवाली (प्रतिजैविक) औषधं शेवटी, आणि ती टाकताना हवेचे बुडबुडे सोडणारा दगड चालू हवाच. थर मरताना पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागतात.

डायनो. पाणीबदल बंद. फॉस्फेटचे दाणे बाहेर. जिवाणू वाढवून नायट्रेट उतरवायला देतात तो व्हिनेगर-व्होडकासारखा कार्बनचा डोस चालू असेल तर तोही बंद. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पर्यंत चढवा. त्यासाठी शुद्ध प्रतीचं सोडियम किंवा पोटॅशियम नायट्रेट आणि टँकसाठी मिळणारं फॉस्फेटचं द्रावण वापरा, बागेचं खत नाही. सुरुवातीला फॉस्फेट घातला की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य, कारण कोरडे दगड तो पिऊन टाकतात. रोज मोजत राहा, एके दिवशी टिकतो. विष ओढून घ्यायला सक्रिय कोळसा ठेवा आणि दर आठवड्याला बदला.

आता वहीतली ती नोंद काढा. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतं, म्हणून यूव्ही दिवा (अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारा) कामी येतो. तो सम्पमध्ये नाही, मुख्य टँकचंच पाणी ओढून तिथेच सोडेल असा जोडा, आणि त्यातून पाणी संथ जाऊ द्या. मोठं अँफिडिनियम वाळूतच लपून बसतं, त्याला यूव्ही शिवतही नाही. तिथे सिलिकेटचा थोडा डोस देऊन मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे जागेसाठी भांडायला कुणीतरी येतं. आठवडे लागतात. मधेच हिरवं शेवाळ यायला लागलं तर हसा, ते चांगलं लक्षण आहे.

ब्रायोप्सिस. एकच झुपका एखाद्या दगडावर असेल तर दगडच बाहेर काढा. पसरलं असेल तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध, साधारण 5 मिलिग्रॅम प्रति लिटर. टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता खरं पाणी किती, त्यावर हिशोब करा, टँकच्या पेटीवर लिहिलेल्या आकड्यावर नाही. कोळसा काढून ठेवा, दोन ते तीन आठवडे पाणी बदलू नका. पहिले काही दिवस काहीच होत नाही, मग पिसं फिकी पडून विरघळायला लागतात. ती विरघळण्याआधी शक्य तितकी हाताने उपटा, नाहीतर सगळं पुन्हा पाण्यात.

आयप्टेशिया. पंप बंद. पाण्यात घट्ट कालवलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड बोथट लांब सुईच्या सिरिंजमध्ये भरा. हा म्हणजे विरलेला चुनाच, तिखट असतो, त्यामुळे चष्मा लावा. फूल उघडून भुजा पसरेपर्यंत थांबा. थोडं खाणं दाखवलं तर तोंड उघडतं. सुई देठाला न शिवता थेट तोंडावर आणा आणि हळूच सोडा. घाई केली की ते आत ओढून घेतं, आणि तुम्ही दगडाला चुना लावून परत येता. पंधरा मिनिटांनी पंप सुरू. एका बैठकीत चार-पाचच मारा, कारण याने पीएच चढतो.

संख्या पन्नासच्या पुढे गेली असेल तर सिरिंजने पुरं पडत नाही. पेपरमिंट झिंगा आणा, पण त्याच्यासारखाच दिसणारा, पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असलेला कॅमल झिंगा चुकून आणू नका. तो प्रवाळ खातो. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त आयप्टेशिया खाते, आणि ते संपलं की उपाशी मरते. ती आणायची तर त्या झिंग्यांबरोबर ठेवू नका, तिचाच घास होईल.

व्हर्मेटिड. नळी कडकन मोडा आणि भोकावर जेलवाला सुपरग्लू थापा. एकेक करत.

लाल चपटे कृमी. औषधाआधी नळीने जितके ओढता येतील तितके ओढा. एकदम मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरून मासे मरतात. ताजा कोळसा आणि बदलायचं पाणी तयार ठेवूनच औषध टाका.

तपासणी: औषध संपल्यावर दोन आठवडे नायट्रेट-फॉस्फेट दर तीन दिवसांनी मोजा. जे मेलं त्याचं अन्न आता मोकळं आहे आणि दुसरं कुणीतरी ते खायला टपलेलं आहे. एक शेवाळ जाऊन दुसरं येतं ते याच दोन आठवड्यांत.

## टप्पा 7: दारातच अडवा

यातलं जवळजवळ सगळं नव्या प्रवाळाच्या बुडाला चिकटून आत येतं. प्रवाळ आणलं की ते ज्या चकतीवर बसवलंय ती उलटी करून बघा, भिंगातून बघा. जमत असेल तिथे प्रवाळ कापून स्वच्छ चकतीवर चिकटवा आणि जुनी फेकून द्या. न जमल्यास चकतीची प्रत्येक भेग ब्रशने घासा आणि भोकं सुपरग्लूने बुजवा. डिप करा, म्हणजे औषधी द्रावणात बुडवून काढा, पण डिपने अंडी आणि ब्रायोप्सिसची मुळं मरत नाहीत हे धरून चाला. वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार आठवडे ठेवता आलं तर उत्तम, आणि त्या टँकच्या बादल्या, नळ्या, चिमटे मुख्य टँकला लावायचे नाहीत.

माझ्याकडचं पहिलं आयप्टेशिया एका चकतीच्या खालच्या खाचेत होतं, राईच्या दाण्याएवढं. दिसलं होतं. नंतर बघू म्हणून तसंच ठेवलं होतं.